हौदातलं कथिल

आमच्या दुकानात आले की ते आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. मग चष्मा कपाळावर चढवून, मान तिरकी करून फळ्यांवरचे डबे वाचत फिरायचे. मी एखादा डबा काढून हातात द्यायला गेले तर एक पाऊल मागे सरकायचे. "राहू दे बेटा. यात काय आहे ते लिहिलंय. यानं काय होईल ते लिहिलेलं नाही."

हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की आमची गिऱ्हाइकंही ते पाठ म्हणायला लागली होती. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. दुकानात येतो, काही घेत नाही, पण एखाद्या दिवशी आला नाही तर शटर अर्धंच उघडल्यासारखं वाटतं. आमच्याकडे ते म्हणजे चाचा.

धुळ्यात पारोळा रोडला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली बरीच वर्षं मी चालवते. चाचा मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगी नाशिकला. सत्तरी ओलांडलेली, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. सगळे त्यांना कल्हईवाले चाचा म्हणत. खरं तर त्यांनी आयुष्यात एका भांड्याला कल्हई केली नव्हती. ती त्यांच्या वडिलांनी केली, पारोळ्याच्या आसपासच्या गावांत सायकलवर भाता लादून. चाचा अमळनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले आणि समुद्रकाठच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झाले. पण दारावरच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली त्यांनी पदवी घातली नव्हती. 'कल्हईवाले' एवढंच घातलं होतं.

मी माणूस यादीचा. सकाळी दुकान उघडलं की आधी दिवसाची यादी, मग झाडू. चाचा माझ्या खांद्यावरून डोकावायचे.

"यात मी कुठे आहे?"

"अकरा वाजता. चहाच्या खाली."

"पेपरच्या वर तरी घे."

एकदा कुणीतरी पितळी पातेलं कल्हईला द्यायचं म्हणून कल्हईवाल्याचा पत्ता विचारायला आलं. पत्ता देता देता चाचांना एकदम शिकवायची लहर आली. म्हणाले, "कल्हई म्हणजे कथिल. कथिलाच्या अणूला चार हात असतात. ये इकडे. माझे दोन, तुझे दोन." मी काउंटरच्या बाहेर आले. आम्ही पाठीला पाठ लावून हात पसरून उभे राहिलो. त्यांनी तीन हातांत तीन ब्रश दिले. "अब्बांच्या कथिलाच्या हातात काही नव्हतं. भांड्याला लागलं की तिथेच गप्प बसायचं. माणसानं त्या कथिलाच्या हातात कार्बनच्या साखळ्या दिल्या. एका हातात दिली तर फारसं बिघडत नाही. दोन हातांत दिल्या तर ते प्लास्टिकला उन्हातान्हात टिकवतं, तुझ्याकडच्या काही पाइपांतसुद्धा असेल. पण तीन हातांत दिल्या, की तो चौथा रिकामा हात जिवंत पेशीला धरतो. आणि सोडत नाही."

"म्हणजे पाइप विकू की नको?"

"वीक बेटा. पाइप वीक."

तेवढ्यात पुट्टी घ्यायला एक कंत्राटदार आला. आम्हाला तसं हात पसरून उभं बघून म्हणाला, "भाभी, कवायत संपली की दोन पोती द्या." चाचा इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मी हसत हसतच विचारलं, "मग तुमच्या कारखान्यात कुठल्या हातांचं कथिल होतं?"

त्यांनी पेपर उचलला. "तीन," म्हणाले, आणि पान उलटलं.

मी तेव्हा तिथेच सोडलं. माणूस बोलायला तयार नसेल तर त्याला खोदायचं नाही, हे दुकानदारीत लवकर कळतं.

पुढे मार्चमध्ये यावलकडचा एक केळीवाला आला. सिमेंटच्या टाकीत शेवाळ धरतं, ते ठिबकच्या नळ्यांत जाऊन बसतं, नळ्या तुंबतात, रोपं सुकतात. टाकीला आतून असा काही रंग आहे का की शेवाळ धरणारच नाही? माझ्याकडे तसा नव्हता. पण उत्तर नाही म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचं मला जिवावर येतं. मी चाचांकडे बोट केलं. "यांना विचारा. यांनी जहाजांच्या तळाचा रंग बनवलाय. समुद्रात वर्षानुवर्षं उभं राहिलं तरी जहाजाला शेवाळ नाही, शिंपला नाही."

"मंग तोच मागवी द्या ना चाचा," केळीवाला म्हणाला. "जहाज काय आन टाकी काय, पानीच शे."

चाचांचा चहा निम्मा झाला होता. त्यांनी कप बशीत ठेवला. "त्या रंगावर आता जगभर बंदी आहे," एवढं म्हणाले, आणि पेपर तसाच उघडा टाकून निघून गेले. केळीवाल्याला वाटलं आपलं काही चुकलं. मला वाटलं माझं.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं तेव्हा ते पायरीवर बसलेले होते. "तुझ्याकडे अर्धा दिवस आहे का? एका गावाला जायचंय. एकटा गेलो तर अर्ध्या वाटेतून परत फिरेन. तीनदा फिरलोय."

मी नवऱ्याला फोन करून दुकानात बसवलं आणि आम्ही अमळनेरची एसटी धरली. पारोळा सुटलं. मी विचारलं, "काय काम आहे तिथे?"

"एक हौद बघायचाय. आणि माफी मागायची आहे. जमलं तर."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या गावात त्यांचे अब्बा दरवर्षी दिवाळीआधी जायचे. विहिरीच्या ओट्याशी भट्टी लावायची, गावाची सगळी पितळी भांडी तिथे यायची. नवसागर टाकून कथिल फिरवायचं, आणि भांडं चकाकलं की शेजारच्या पाण्यात बुडवायचं, चर्र करून. गावानं दाणे दिले, जेवू घातलं, आणि पोरगा शिकतोय म्हटल्यावर त्याची फीसुद्धा कधी कधी गावातूनच गेली. अब्बा गेले. पोरगा मोठा साहेब झाला. तोवर ओटा काढून त्याच जागी गुरांसाठी मोठा हौद बांधला होता. साहेब एकदा रजेवर आले असताना त्या वेळचे सरपंच आबा म्हणाले, हौदाला फार शेवाळ धरतं, बायकांचे हात घासून घासून जातात. साहेबांकडे त्याचं उत्तर होतं. पुढच्या खेपेला ते कारखान्यातून रंगाचे डबे घेऊन आले, एसटीच्या बाकाखाली ठेवून. विटकरी रंग होता. स्वतः हौदात उतरून दोन हात दिले.

"आणि शेवाळ आलं नाही," मी म्हटलं.

"नाही आलं. कसं येईल? तो रंग साबणाच्या वडीसारखा झिजतो. रोज वरचा पापुद्रा पाण्यात जातो, खालचा ताजा विषारी थर उघडा पडतो. समुद्रात लवकर झिजतो. गोड्या पाण्यात सावकाश. म्हणजे तिथे जास्त वर्षं पुरला." ते खिडकीबाहेर बघत होते. "दुसऱ्या वर्षी गावानं मला खुर्चीवर बसवून नारळ दिला, उपरणं घातलं. हौदावर अब्बांचं नाव लिहिलं."

"तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ना पण."

माझा हा प्रश्न नव्हता, त्यांना टेकायला दिलेली भिंत होती. ते टेकले नाहीत.

"माहीत होतं. निम्मं. हौद रंगवला त्याच्या आधीच्या वर्षी मी एक परदेशी लेख वाचला होता. समुद्रात शंखातल्या गोगलगाई असतात. बंदरापाशी, जिथे असे रंग लावलेल्या बोटी उभ्या राहतात, तिथे त्या कमी व्हायला लागल्या. का, तर त्यांच्यातल्या बायकांना..." ते थांबले. कानापर्यंत लाल झाले.

"बायकांना काय?"

"जाऊ दे."

"चाचा, माझी दोन बाळंतपणं झाली आहेत. बोला."

नेमका कंडक्टर तिकिटाला आला. तो पुढच्या बाकापर्यंत जाईस्तोवर चाचा थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "माद्यांना नराचं अंग फुटतं. अंड्यांची वाट बंद होते. अंडी आतच राहतात आणि त्या मरतात. आणि हे इतक्या थोड्या कथिलानं, की तेवढं मोजायला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रसुद्धा नव्हतं. तो लेख मी खणात ठेवला. गोगलगाई आहेत, समुद्र मोठा आहे, असं म्हटलं. हौद रंगवताना म्हटलं, इथे कुठे गोगलगाई. गुरं तर मोठी जनावरं."

बाहेर उन्हात कपाशीची वाळलेली पळाटी उभी होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "समुद्राचं जे केलं ते पगार घेऊन केलं. माझ्यासारखे पुष्कळ होते, मी एकटा नव्हतो. हा हौद मी एकट्यानं केला. कुणी सांगितलं नव्हतं. प्रेमानं केला."

गाव फाट्यापासून जवळ आहे. हौद वेशीलाच. बाहेरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'कल्हईवाले बाबांच्या स्मरणार्थ', अक्षरं नुकतीच उजळलेली. चाचा काठाशी गेले आणि आत वाकले. मी घाबरून त्यांचा दंड धरला. आत भिंतीवर हिरवंगार शेवाळ होतं, हाताच्या बोटाएवढं लांब, पाण्यात हलत होतं. त्यांनी हात कोपरापर्यंत बुडवून ते चिमटीत धरलं आणि ओढून बघितलं.

"धरलंय. घट्ट धरलंय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात काठी टेकत आबा आले, ते पूर्वीचे सरपंच. आता नजर कमी झालेली. मागे चार-सहा माणसं, दोन-तीन बाया. "कोन? कल्हईवालाना आंडोर? कितला वरीसमा उना रे." कल्हईवाल्याचा मुलगा का, किती वर्षांनी आलास, असं विचारत होते. मग चाचांचा ओला हात त्यांच्या हाताला लागला, आणि शेवाळही. आबांचा चेहरा उतरला. "शेवाळ व्हई गयं भाऊ. तू इतलं कष्टवरी रंगाडं, आम्हीच ध्यान दिधं नही." बायांनीही पदर सावरत माना खाली घातल्या. एक जण म्हणाला, पोरं पाठवून आत्ता घासून घेतो, तुम्ही सावलीत बसा.

मी आयुष्यात पुष्कळ माणसं माफी मागताना पाहिली आहेत. पण ज्याला माफी मागायची होती त्याच्याचपुढे अख्खं गाव माफी मागत उभं राहिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. मलाच कुठे बघावं कळेना. मी पर्सची चेन लावत, उघडत राहिले.

चाचांनी त्यांना थांबवलं. उभ्यानंच सगळं सांगितलं. रंग विषारी होता, तो झिजून पाण्यात गेला, गुरांनी पाणी प्यायलं, तळातला गाळ उकिरड्यावर आणि उकिरड्यातून शेतात गेला, उरलेलं नाल्यातून बोरी नदीत, बोरीतून तापीत. "आणि मला शंका होती. तरी लावला." एवढ्यावर ते थांबले. ते शिव्यांची वाट बघत होते, हे मला दिसत होतं.

आबांनी विचार केला. "आम्ही बठ्ठा जित्ता शेतस," ते म्हणाले. म्हणजे आम्ही सगळे जिवंत आहोत. माणसं हसली. एकानं आपल्या शेजाऱ्याच्या पाठीत थाप मारली, "हाऊ त्या पानीवर वाढना, म्हनीसन असा शे." हा त्याच पाण्यावर वाढला म्हणून असा आहे, म्हणे. पुन्हा हसू. चाचा हसले नाहीत.

मागे एक अक्का उभ्या होत्या, आबांच्या नात्यातल्या, साठीच्या पुढच्या. त्या कुणाला उद्देशून नाही, अशाच बोलल्या, "तवय मन्ही म्हैस गाभडनी व्हती." म्हणजे तेव्हा त्यांच्या म्हशीचा गर्भ पडला होता.

हसू थांबलं. चाचा त्यांच्याकडे वळले. "कधी? हौद रंगवला त्याच्या आधी की नंतर?"

अक्का गोंधळल्या. आपण काहीतरी भलतंच बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. "काय माहीत. म्हशी गाभडतीसच. याद नही भाऊ."

"आठवून बघा. त्या साली काय झालं होतं? कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण?"

"याद नही," अक्का पुन्हा म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईच्या मागे सरकल्या.

चाचांनी मग दोन गोष्टी मागितल्या. हौदाचं आतलं प्लास्टर खरवडून काढू द्यावं, आणि अब्बांचं नाव पुसू द्यावं. पहिलीला आबा हो म्हणाले. दुसरीला त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "नाव तुन्हं नही शे. तुन्हा बापनं शे. ते पुसाना तुले हक नही."

परत येताना मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. आधी नमुना, मग लॅब, मग मजूर. हौदाच्या कोपऱ्यात विटकरी पापुद्र्याचे तुकडे अजून चिकटून होते, ते आणि तळाचा गाळ मी बरणीत भरून आणला होता. जळगावच्या एका लॅबला पाठवला. उत्तर आलं: गाळात कथिल सापडलं. किती, ते त्यांनी दिलं होतं. मी फोन करून विचारलं, हे कुठल्या रूपातलं कथिल आहे, तीन हातांचं की मोकळं? तिकडचा मुलगा सज्जन होता. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सगळं आम्लात विरघळवून मोजतात. विरघळल्यावर सगळं कथिल सारखंच. कुठल्या रूपात होतं ते इथे कळत नाही. त्याचं यंत्र वेगळं, आपल्या भागात कुणाकडे आहे असं मला माहीत नाही."

मी हे चाचांना सांगायला गेले तेव्हा मला खरोखर हलकं वाटत होतं. त्याच जागी वर्षानुवर्षं त्यांच्या अब्बांनी कल्हई केली होती. कथिलाचे थेंब, भांडी बुडवलेलं पाणी, सगळं त्याच मातीत. मी म्हटलं, "चाचा, हे अब्बांच्या भट्टीचं कथिल असणार. साधं. निरुपद्रवी."

ते खाटेवर बसले होते. कागद त्यांनी दोन वेळा वाचला, घडी घातली, माझ्याकडे परत दिला.

"अब्बांवर नको ढकलू, बेटा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तो कागद हातात धरवेना.

खरवडायला मजूर लावायचे नाहीत असं त्यांनीच ठरवलं. दुसऱ्याच्या फुप्फुसात ही धूळ जायला नको म्हणाले. मी मास्क, हातमोजे, खरवडायच्या पत्र्या, पोती आणि एक झाकणाचा ड्रम दिला. हौद रिकामा करून ते आत स्टूल टाकून बसायचे, भिंत आधी ओली करायचे आणि सावकाश खरवडायचे. ऊन फार होतं. गावाला ती मोठी करमणूक झाली. म्हातारा हौदात बसलाय म्हणून लोक काठाला येऊन उभे राहायचे, वरून गप्पा मारायचे. म्हशी रोजच्या वेळेला यायच्या आणि आत माणूस बघून अडखळायच्या. त्यांच्यासाठी गावानं शेजारी पाण्याच्या दोन टाक्या ठेवल्या होत्या.

अक्का रोज चहा आणायच्या. मी दोनदा गेले होते तेव्हा पाहिलं. चाचा मास्क काढायचे, कप घ्यायचे, पण त्यांच्याकडे मान वर करून बघायचे नाहीत. कप हातात तसाच. एकदा अक्का काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "पी रे भाऊ. हौदनं पानी नही शे, नळनं शे." वर उभे असलेले सगळे हसले. चाचाही हसले, त्या दिवसांत पहिल्यांदाच. आणि लगेच विचारलं, "अक्का, आठवलं का? आधी की नंतर?"

"तू ते सोडाव नही ना?"

"नाही."

शेवटच्या दिवशी ते संध्याकाळी दुकानात आले. केसांत, भुवयांत सिमेंटची धूळ. ड्रम टेम्पोतून उतरवून आमच्या मागच्या खोलीत ठेवला, झाकणाभोवती स्वतः पट्टी गुंडाळली. त्यांच्या घरात जागा नव्हती आणि शेजारी लहान मुलं होती. मी चहा सांगितला. ते बसले.

"अक्कांना आठवलं," ते म्हणाले.

"काय?"

"म्हैस आधी गाभडली होती. मी रंग लावला त्याच्या आधीच्या वर्षी. त्यांना आता पक्कं आठवलं म्हणे. थोरल्या मुलाच्या साखरपुड्याच्या वेळी."

"बघा," मी म्हटलं. "सुटलात."

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायले नाहीत.

"हो," ते म्हणाले. मग बशी खाली ठेवून, "अक्का फार चांगल्या आहेत."

त्या साखरपुड्याचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही आणि मीही केला नाही. अक्कांच्या थोरल्या मुलाला मी त्या गावात पाहिलं होतं. हौद रंगवला तेव्हा तो फार तर पाळण्यात असेल. ते त्यांनीही पाहिलं असणार. ते हौदात बसलेले असताना तोच रोज त्यांना वरून बादली सोडायचा.

त्यानंतरच्या थंडीत चाचा तपासणीसाठी नाशिकला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. मुलगी घर रिकामं करायला आली. पुस्तकं कॉलेजला दिली, पाटी बरोबर नेली. मागच्या खोलीतला ड्रम मी तिला दाखवला, थोडं सांगितलं. "अब्बू कामाबद्दल घरी कधी बोलले नाहीत," म्हणाली. ड्रम तिच्या फ्लॅटवर नेण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, राहू दे, मी बघते.

मी बघतेच आहे. एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखानदाराला विचारलं, त्यांचा घातक कचरा न्यायला गाडी येते. तो म्हणाला, "वहिनी, त्या गाडीत आमच्याच कारखान्याचा माल जातो. तुमचं कुठल्या नावानं घालू?" नगरपालिकेत विचारलं तर तिथल्या माणसानं विचारलं, ओला कचरा की सुका. आमच्याकडे माल टाकणाऱ्या टेम्पोवाल्यानं मात्र लगेच मार्ग काढला. "भाभी, मी शिरपूरला जातोच आहे. तापीच्या पुलावरून सोडून देतो. कोन बघतं."

तो चांगला मुलगा आहे. पैसेही मागत नव्हता. मी त्याला चहा दिला आणि नको म्हटलं. का नको, ते सांगायला लागले असते तर हौदापासून सुरुवात करावी लागली असती.

ड्रम मागच्या खोलीतच आहे. त्याच्याभोवती मी विटांची एक ओळ रचून घेतली आहे, म्हणजे माल लावताना कुणाचा धक्का लागू नये. परवा झाडायला नवीन बाई आल्या. त्यांनी विटांपाशी झाडू थांबवला.

"भाभी, हे कुणाचं ठेवलंय?"

"आपलंच आहे," मी म्हटलं. "बाजूनं झाडा."